पाय गेल्यानंतर चालण्याची भीती: ती ओळखायची कशी आणि टप्प्याटप्प्याने कमी करायची कशी

कृत्रिम पाय घरी येतो, पहिले काही आठवडे सगळ्यांना कौतुक असतं, आणि मग हळूहळू तो पाय कॉटखाली जातो. घरचे म्हणतात, "यांना सवयच करून घ्यायची नाही." पाय बनवणारे म्हणतात, "फिटिंग तर बरोबर आहे." ज्याचा पाय गेलाय तो मात्र गप्प असतो. पन्नाशीच्या माणसाने "मला उंबरठा ओलांडायची भीती वाटते" हे चारचौघांत कसं सांगायचं?

गुडघ्याच्या वर किंवा खाली पाय कापावा लागलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. भीती गेल्यावर चालू, असं ठरवून बसलात तर ती जाणार नाही. पण भीतीकडे काणाडोळा करून चालत सुटलात, तर तिच्यात जो खरा इशारा असतो तोही तुमच्याकडून सुटेल आणि तुम्ही पडाल. म्हणून आधी खरी भीती आणि सवयीची भीती वेगळी करायची, मग सवयीच्या भीतीला रोज थोडं थोडं सामोरं जायचं. हे सगळं तुमच्या डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टने कृत्रिम पायावर वजन टाकायला परवानगी दिल्यानंतरच. टाके ओले असताना यातलं काहीही करू नका.

भीती वाढते कशी

तुम्ही भित्रे आहात म्हणून हे होत नाही. कॅनडात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पाय गमावलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त लोक आदल्या वर्षभरात निदान एकदा पडलेले होते, आणि जवळपास निम्म्यांनी पडायची भीती वाटते असं सांगितलं. धोका खरा आहे, शरीर तो ओळखतं.

त्यातून तळपाय गेलेला असतो. जमीन ओली आहे की कोरडी, सपाट आहे की उताराची, हे मेंदूला तळव्याकडून कळायचं. आता फक्त सॉकेटमध्ये (कृत्रिम पायाच्या वरच्या पोकळ भागात) स्टंपवर (कापल्यावर उरलेल्या पायाच्या टोकावर) येणाऱ्या दाबावरून अंदाज बांधावा लागतो. म्हणून डोळे सारखे जमिनीकडे जातात, आणि संध्याकाळी दिवे गेले की त्याच घरात तोच माणूस जागचा हलत नाही.

पुढचं चक्र आम्ही फिजिओथेरपिस्ट रोज बघतो. एकदा पाऊल चुकतं किंवा कळ येते. मग ती हालचाल टाळली जाते. बसून बसून मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू उतरतात, खुब्याचा सांधा वाकलेल्या अवस्थेत आखडतो, स्टंपचा आकार बदलून सॉकेट ढिलं होतं. मग खरोखरच तोल जातो, आणि माणूस म्हणतो, "बघा, मी म्हणत होतो ना!" त्याचं म्हणणं त्या क्षणी बरोबरच असतं, पण त्याच्या घाबरण्यातूनच ते खरं झालेलं असतं.

या भीतीला वैद्यकीय कागदांवर कायनेसिओफोबिया म्हणतात. ती मोजायला टाम्पा स्केल नावाची १७ विधानांची प्रश्नावली आहे. गुण १७ ते ६८, आणि ३७ च्या वर गेले की भीती जास्त आहे असं साधारण धरतात. ती मुळात पाठदुखीसारख्या जुनाट दुखण्यांसाठी तयार झालेली असल्याने पाय गमावलेल्यांना तिच्यातली काही विधानं चपखल बसत नाहीत. फिजिओथेरपिस्टने भरून घेतली तर भरा, पण त्या आकड्याचं ओझं घेऊ नका.

आधी खऱ्या तक्रारी निस्तरा

भीतीवर काम करायच्या आधी या गोष्टी तपासा. अनेकदा निम्मी भीती इथेच संपते.

सॉकेट. पाय काढल्यावर स्टंपवर लाल डाग दिसतातच, पण दहा-वीस मिनिटांनंतरही लाली जात नसेल, फोड आला असेल, कातडी सोलली असेल, तर त्या दिवशी पाय घालू नका आणि पाय बनवणाऱ्यांकडे जा. चालताना स्टंप आत वरखाली होत असेल तर सॉकेट ढिलं झालंय. स्टंप दिवसभरातही बारीक होतो, म्हणून दुपारी स्टंपवर एक जास्तीचा मोजा चढवायची तयारी ठेवा. बाहेर जाताना पिशवीत एक मोजा असू द्या. स्टंप सकाळऐवजी रात्री धुवा. सकाळी धुतल्यावर कातडी ओलसर राहते आणि सॉकेटमध्ये घासते.

टाचेची उंची. आपल्याकडे ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. बरेच कृत्रिम पाय बुटाची किंवा चपलेची टाच धरून जुळवलेले असतात. आपण घरात शिरताना, देवळात जाताना चपला काढतो. चप्पल काढली की टाच खाली जाते आणि माणूस मागे ढकलल्यासारखा होतो. बाहेर नीट चालणारा माणूस स्वतःच्याच घरात भिंतीला धरून चालतो, याचं कारण पुष्कळदा हे असतं. घरात घालायला त्याच उंचीची वेगळी चप्पल ठेवा, किंवा अनवाणी चालण्यासाठीच पाय जुळवून मागा. जयपूर फूट मुळात याच गरजेतून आला. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, शेतात जाता यावं म्हणून घडवला. मांडी घालून बसायची सवय असेल आणि पाय गुडघ्याच्या वर गेला असेल, तर गुडघ्याच्या वर फिरणारा जोड बसवता येतो का, हे पाय बनवून घेतानाच विचारा.

दुसरा पाय. मधुमेहामुळे पाय गेला असेल तर उरलेल्या पायाला जपणं सगळ्यात महत्त्वाचं. रोज रात्री तळवा आरशात बघा, बोटांच्या बेचक्या बघा, घरातसुद्धा एमसीआर (मऊ रबराच्या तळाची) चप्पल घाला, मागे पट्टा असलेली. अंगठ्याची चप्पल नको. याशिवाय साखर उतरून घाम आणि थरथर येत असेल, उठताना अंधारी येत असेल किंवा नजर अधू झाली असेल, तर ते आधी डॉक्टरांना सांगा. चालायच्या सरावाने ते बरं होणार नाही.

भीती कागदावर उतरवा

एक वही घ्या. "मला चालायची भीती वाटते" या वाक्याने काम होत नाही, ते फार मोठं आहे. नेमकं काय होईल असं वाटतं ते लिहा. पडेन? स्टंपची जखम उघडेल? पाय आत घसरून निघून येईल? लोक बघत राहतील? पडलो तर उठता येणार नाही? या सगळ्यांचे उपाय वेगळे आहेत. लोकांच्या नजरेची भीती अंगणात एकट्याने कितीही चालून कमी होणार नाही, आणि उठता येणार नाही ही भीती उठायला शिकल्यावरच जाते.

मग टाळत असलेल्या दहा-बारा हालचाली लिहा आणि प्रत्येकीपुढे ० ते १० मध्ये आकडा टाका. ० म्हणजे काहीच वाटत नाही, १० म्हणजे विचारानेच छातीत धडधडतं. घरच्यांना हे आकडे ठरवू देऊ नका. त्यांचे आकडे नेहमी वेगळे येतात, कधी तुमच्यापेक्षाही मोठे.

कृत्रिम पायावर वजन टाकायला शिका

चालण्याची बरीचशी भीती एका क्षणात साठलेली असते: आपला पाय हवेत असतो आणि सगळं वजन कृत्रिम पायावर असतं. म्हणून लोक तो क्षण चोरतात. आपला पाय घाईघाईने पुढे टाकतात, लंगडतात, आणि अशा चालीत तोल जास्त जातो.

हे सुधारायला घरातला वजनकाटा कामाला येतो. सुईचा जुना काटा चांगला, डिजिटल मध्येच बंद पडतो. स्वयंपाकघराच्या ओट्याकडे तोंड करून उभे राहा. काटा कृत्रिम पायाखाली, आणि आपल्या पायाखाली तेवढ्याच जाडीची, न सरकणारी फळी. मागे एक भक्कम खुर्ची. हात ओट्यावर, पण ओट्यावर भार न टाकता. आकडा तुम्ही वाचू नका. खाली वाकून बघितलं की वजन सरकतं. घरातल्या कोणाला तरी वाचायला सांगा. तुमचं वजन ६४ किलो असेल तर दोन्ही पायांवर सारखं म्हणजे ३२. सुरुवातीला १५-१८ च्या आसपास दिसलं तर दचकू नका, फार जणांचं तसंच असतं. सावकाश कंबर कृत्रिम पायाच्या बाजूला सरकवत २०, २५, ३२ पर्यंत या, प्रत्येक ठिकाणी चार-पाच श्वास थांबा, परत मध्ये या. दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी पाच मिनिटं.

बत्तीसवर निवांत उभं राहता आलं की काटा काढा. ओट्याला धरून आपल्या पायाची टाच उचला, मग पूर्ण पाऊल इंचभर उचला, दोन सेकंद थांबा, टेका. तो चोरलेला क्षण असा परत मिळवायचा असतो. गुडघ्याच्या वरचा पाय असेल तर हा भाग फिजिओथेरपिस्टच्या समोरच सुरू करा, कारण कृत्रिम गुडघा सरळ कसा रोखून धरायचा हे प्रत्येक गुडघ्यागणिक वेगळं असतं.

जोडीला रोज पोटावर पालथं झोपा, सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं. खुबा सरळ राहतो. स्टंपखाली उशी ठेवून झोपायची सवय असेल तर मोडा. बरं वाटतं, पण त्यानेच सांधा आखडतो.

शिडी: एक उदाहरण

समजा, कराडजवळच्या गावातले ५२ वर्षांचे गृहस्थ आहेत. मधुमेहामुळे डावा पाय गुडघ्याखाली गेलाय. त्यांना पुन्हा सकाळी दूध घेऊन डेअरीवर जायचंय, घरापासून तीनेकशे मीटर. त्यांच्या वहीत शिडी, म्हणजे टाळत असलेल्या हालचालींची सोप्यापासून अवघडापर्यंतची यादी, साधारण अशी दिसेल:

ओट्याला धरून कृत्रिम पायावर उभं राहणं, २.
ओट्याला धरून बाजूला पावलं टाकणं, ३.
काठी घेऊन घरात, मुलगा मागे, ३.
उंबरठा, ६.
अंगण, ५.
गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, दुपारी वर्दळ नसताना, ६.
डेअरीपर्यंत कोणाच्या तरी सोबत, दूध न घेता, ७.
तेच एकट्याने, ८.
सकाळच्या गर्दीत, दूध घेऊन, ९.

सुरुवात ३ किंवा ४ पासून करायची. १ पासून केली तर भीतीला कळतच नाही की काही घडलं. ८ पासून केली तर पहिल्याच दिवशी वही फेकली जाते. एक पायरी रोज करायची, आणि आकडा साधारण निम्मा झाला की पुढची. करण्याआधी वहीत एक ओळ लिहा: "मला वाटतं, असं होईल." करून झाल्यावर दुसरी ओळ: "असं झालं." भीती शिगेला पोचली असताना पळ काढू नका. आधाराला धरून तिथेच उभे राहा, ती थोडी उतरू द्या, मग परत या. घाबरून मागे फिरलं की मेंदू एवढंच शिकतो की मागे फिरलो म्हणून वाचलो.

या यादीत उंबरठा अंगणापेक्षा वर आहे, पण ओलांडल्याशिवाय अंगणात जाता येत नाही. अशी पायरी फोडायची. आधी घरातच जमिनीवर खडूने रेघ मारा आणि ती ओलांडा. मग पातळ पट्टी, मग तिच्यावर दुसरी, मग खरा उंबरठा. गुडघ्याखालचा पाय असेल तर चौकट धरून आधी कृत्रिम पाय नजरेसमोर पलीकडे टाका, त्यावर वजन घ्या, मग आपला पाय. उलट केलं तर मागून येणारा कृत्रिम पाय दिसत नाही आणि त्याचा चवडा अडकतो. गुडघ्याच्या वर पाय गेलेल्यांनी कुठला पाय आधी हे फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवावं.

जिन्याला नियम वेगळा: चढताना आपला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. एसटीच्या पायरीलाही हाच. कठडा किंवा दांडी ज्या बाजूला आहे तो हात मोकळा ठेवा, काठी दुसऱ्या हातात. शेवटच्या पायरीत हातात दूध आहे, ही भीती वेगळी मोजायची, कारण हातात वस्तू आली की तोल सावरायला हात राहत नाही. किटलीऐवजी पाठीवरच्या सॅकमध्ये घट्ट झाकणाची बरणी घ्या. दोन्ही हात मोकळे राहतात आणि ९ चा आकडा बहुधा आपोआप ७ वर येतो.

आधार सगळ्यात शेवटी कमी करायचे. मुलाचा धरलेला हात, मग नुसती सोबत, मग हाकेच्या अंतरावर, मग घरी. काठी सोडायची घाई तर अजिबात नको. आयुष्यभर काठी वापरून रोज डेअरीला जाणारा माणूस काठीविना घरात बसलेल्यापेक्षा बरा.

पडल्यावर उठायचं कसं

हा भाग बहुतेक ठिकाणी शिकवलाच जात नाही, आणि माझ्या मते भीती सगळ्यात जास्त यानेच कमी होते. "मी पडलो तरी उठू शकतो" हे एकदा अंगाला कळलं की उंबरठ्याचा आकडाही खाली येतो. पहिल्या वेळी फिजिओथेरपिस्टसमोर, जाड गादी किंवा सतरंजी पसरून करा.

१. पडल्यावर लगेच उठू नका. मिनिटभर पडून राहा. डोकं, कुल्ला, मनगट, स्टंप, सगळीकडे लक्ष न्या. तीव्र वेदना असेल, रक्त येत असेल, पाय वेडावाकडा झाला असेल तर हलू नका, हाक मारा.
२. कृत्रिम पाय जागेवर आहे का बघा. निसटला असेल तर बसून पुन्हा घाला किंवा पूर्ण काढा.
३. कुशीवर वळा, मग हात आणि गुडघ्यांवर या. रांगत भक्कम खुर्ची, कॉट किंवा ओट्यापर्यंत जा. प्लॅस्टिकची खुर्ची नको, ती उलटते.
४. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर. आपल्या पायाचा तळवा पुढे जमिनीवर टेकवा. गुडघ्याच्या वरचा कृत्रिम पाय असेल तर तो मागे सरळ राहू द्या.
५. हात आणि आपला पाय यांच्या जोरावर वर या, वळा, बसा. दोन-पाच मिनिटं बसल्याशिवाय चालू नका.

कृत्रिम पाय घातलेला नसेल तर बसल्या बसल्या मागे सरकत आधी पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर या, तिथून कॉटवर. घरचे मदतीला आले तर त्यांनी काखेत हात घालून उचलू नये. खुर्ची आणून द्यावी.

रात्रीचं एक सांगायलाच हवं. अर्धवट झोपेत पाय आहे असं समजून उठणं आणि धाडकन पडणं, हे पहिल्या वर्षात फार घडतं, आणि स्टंपवर आपटलं तर जखम उघडू शकते. कॉटच्या ज्या बाजूने उतरता तिथे कुबड्या किंवा वॉकर असा ठेवा की पाय खाली सोडण्याआधी हात त्याला लागेल. बारीक दिवा चालू ठेवा. भांडं किंवा कमोडची खुर्ची जवळ असेल तर कमीपणा मानू नका. न्हाणीत स्टुलावर बसून आंघोळ करा, मोरीतलं शेवाळ घासून काढा, ओल्या शहाबादी फरशीवर घसरतं म्हणून कुबडीचं झिजलेलं रबर लगेच बदला. ते रबर कुठल्याही सर्जिकलच्या दुकानात मिळतं.

दुखलं तर थांबायचं का

दुखणं ० ते १० मध्ये ३-४ पर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत होत असेल, तर सराव चालू ठेवा. त्याहून जास्त असेल किंवा दुसऱ्या दिवशीही टिकलं, तर एक पायरी खाली या आणि सॉकेट तपासा. चालायचं किती हे दुखण्यावर सोडू नका, घड्याळावर सोडा. आज बरं वाटतंय म्हणून अर्धा तास आणि मग तीन दिवस अंथरुणात, त्यापेक्षा रोज आठ मिनिटं बरी.

नसलेल्या पायाची बोटं आखडणं, तळव्यात वीज जाणं, हे फँटम दुखणं आहे. ते खरं असतं, पण काहीतरी मोडतंय अशी त्याची खूण नसते. मेंदूत त्या पायाचा नकाशा अजून शाबूत असतो. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात मांडलेली आरशाची पद्धत काहींना उपयोगी पडते. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवून चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत तो हळूहळू हलवायचा, रोज दहा-पंधरा मिनिटं. त्याने अस्वस्थ वाटलं तर सोडून द्या. औषधंही आहेत, डॉक्टरांशी बोला. पण फँटम दुखतंय म्हणून चालणं बंद करू नका.

स्टंपला पू, वास, काळेपणा, ताप, दुसऱ्या पायाच्या पोटरीला अचानक सूज, छातीत दुखणं, दम लागणं, यांपैकी काहीही दिसलं तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

घरच्यांसाठी

"तुम्ही बसा हो, मी आणते पाणी." हे प्रेमाचं बोलणं दिवसातून वीस वेळा झालं की पाय कॉटखाली जातो. पाणी त्यांना घेऊ द्या, तुम्ही फक्त वाटेतलं पायपुसणं उचला. "पडाल, पडाल" असं मागून ओरडू नका. दचकूनच माणूस पडतो. काही सांगायचं तर आधी सांगा: "पप्पा, पुढे ओलं आहे." पाहुण्यांसमोर "आता चालून दाखवा" असा आग्रह नको. आणि दर दोन दिवसांनी कृत्रिम पायावर नाचणाऱ्या सुधा चंद्रन किंवा एव्हरेस्ट चढलेल्या अरुणिमा सिन्हा यांचं उदाहरण देऊ नका. त्या मोठ्याच आहेत, पण ज्याच्यापुढे आज उंबरठा आहे त्याला एव्हरेस्ट दाखवून बळ येत नाही, तो आणखी खचतो. त्यापेक्षा तालुक्यात पाय गमावून कामाला लागलेला एखादा माणूस शोधा आणि दोघांना चहाला बसवा. सॉकेटच्या घामाबद्दल ते दोघं जे बोलतील ते आम्ही फिजिओथेरपिस्ट सांगू शकत नाही.

माणूस जेवत नसेल, कोणाशी बोलत नसेल, "आता जगून काय करू" म्हणत असेल, तर ती नुसती चालण्याची भीती राहिलेली नाही. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर बोला, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शिडी नंतर.

मदतीसाठी मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, पुण्यात लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर. जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या, एसटी-रेल्वेच्या सवलतीला लागतं. शिबिरात मिळालेला पाय असेल तर एक प्रश्न आवर्जून विचारा: पुढे सॉकेट बदलायला कुठे यायचं? पहिल्या वर्षात स्टंप बराच बारीक होतो आणि सॉकेट बदलावं लागण्याची शक्यता मोठी. उत्तर मिळालं नाही तर जवळचं दुरुस्तीचं केंद्र आधीच शोधून ठेवा.

गाडी अडली तर

अडतेच. पावसाळ्यात अंगणात चिखल होतो, स्टंपला फोड येतो, लग्नसराईत पंधरा दिवस सराव बुडतो. परत सुरू करताना जिथे सोडलं तिथून करू नका, दोन पायऱ्या खालून करा. त्या बहुधा दोन-तीन दिवसांत पार होतात. पडल्यानंतरही हेच, फक्त आधी वहीत पडण्याचं कारण लिहा: चप्पल, ओली फरशी, ढिलं सॉकेट, घाई, अंधार. कारण सापडलं तर ते दुरुस्त करा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभे राहा. कारण सापडत नसेल, किंवा महिन्यात दोनदा पडलात, तर वही घेऊनच फिजिओथेरपिस्टकडे जा. ती बघितली की त्यांना तुमच्या चालीइतकंच त्या नोंदींतूनही कळतं.